तिरक्या स्कार्फची मोजणी

माझी सगळी नोकरी रेषा सरळ करण्यात गेली. डॅन्यूब नदीकाठच्या रुसे शहराच्या नगरपालिकेत, मोजणी खात्यात होतो मी. दोन सख्खे भाऊ द्राक्षाच्या एका ओळीवरून एकमेकांवर कुदळी उगारून उभे असायचे आणि मी मधोमध खुंटी ठोकून सांगायचो, "हद्द इथून." त्या खुंट्या आजही जागच्या हललेल्या नाहीत. भाऊ हलले, एक तर जर्मनीला गेला, पण खुंटी आहे तिथंच आहे. हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही. अशा माणसाला निवृत्तीनंतर सोफ्यावर बसवून, त्याच्या हातात क्रोशाची सुई देऊन, "वाकडं कर, अरे अजून वाकडं कर!" असं त्याची बायको दिवसभर ओरडत राहिली तर त्याच्या जिवाचं काय होत असेल, एवढंच ध्यानात घ्या.

झालं असं की जानेवारीच्या शेवटी झिव्का, म्हणजे माझी बायको, आमच्या इमारतीच्या पायऱ्यांवर बर्फावरून घसरली आणि तिचा उजवा हात मनगटात मोडला. बर्फ वितळावा म्हणून पायऱ्यांवर मीठ टाकायची पाळी कुणाची होती यावर इमारतीची बैठक तिथल्या तिथे, ती खाली बसलेली असतानाच सुरू झाली. तळमजल्यावरचा गांचो, हा निवृत्त बस ड्रायव्हर आणि माझा रोजचा सोंगट्यांचा भिडू, त्यानं राकियाची, म्हणजे फळांच्या घरगुती दारूची, बाटली आणली. अर्धी तिच्या मनगटावर ओतायची आणि अर्धी माझ्या पोटात, असा त्याचा उपचार होता. तिसऱ्या मजल्यावरच्या औषधवाल्या बाई म्हणाल्या, राकिया नको, कोबीचं पान बांधा. शेवटी दवाखान्यात नेलं तेव्हा हाताला राकियाचा वास येत होता आणि बाहीतून कोबी डोकावत होता. डॉक्टरांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी तिचं लोणचंच घालायला निघालो होतो.

प्लास्टर घालताना झिव्का रडली नाही. रडली ती घरी आल्यावर, टोपलीतला अर्धवट स्कार्फ पाहून.

आता या स्कार्फचं प्रकरण सांगायला हवं. आमच्या वस्तीतल्या वाचनालयात बायकांचं एक विणकाम मंडळ आहे. दर आठ मार्चला, महिला दिनाला, त्यांचं प्रदर्शन भरतं. हॉलच्या मधोमध एक गोल टेबल असतं, त्यावर फक्त एकच वस्तू मांडतात, वर्षातली सर्वांत चांगली. बाकीच्या वस्तू भिंतींवर. आणि दाराशेजारी, जिथं लोक ओले कोट झटकतात, तिथल्या भिंतीवर झिव्काची वस्तू. दरवर्षी तिथंच. हे सगळं ठरवतात त्सोन्काबाई. या पूर्वी शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या आणि अजूनही आहेत, फक्त शाळा उरलेली नाही. दरवर्षी त्या झिव्काची वीण दोन बोटांत धरतात, उजेडाकडे नेतात आणि म्हणतात, "छान आहे हो. हात ढिला आहे, पण छान आहे."

तो "पण" माझ्या घरात पुढे वर्षभर राहतो. जेवायला बसतो, टीव्ही बघतो.

म्हणून या वर्षी झिव्कानं मंडळात सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं की मी असं काही आणणार आहे जे तुम्ही पाहिलेलं नाही. रंग बदलत जाणाऱ्या लोकरीचा तिरका स्कार्फ. ही लोकर एकाच धाग्यात गडद निळ्यापासून सुरू होते आणि तुम्ही विणत असताना नकळत जांभळी, मग गुलाबी, मग नारिंगी होत जाते. स्कार्फ सुरू होतो एका टोकाशी, तीन टाक्यांवर. मग एक कड सरळ ठेवायची आणि दुसऱ्या कडेला दर ओळीत एक टाका वाढवायचा. त्यामुळे तो एका बाजूनं फुगत जातो, आणि गळ्यात घातला की एक कोपरा खाली लोंबतो. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा म्हणालो, "झिव्का, हद्द चुकली आहे." त्या दिवशी मला सूप थंड मिळालं.

"आता काय सांगू मी त्सोन्काला?" झिव्का रडत म्हणाली.

"सांग, हात मोडला."

"ती म्हणेल, मोडायच्या आधी तरी कुठं धड होता!"

हे मात्र त्सोन्काबाई नक्की म्हणाल्या असत्या.  झिव्कानं डोळे पुसले, माझ्या हातांकडे पाहिलं आणि बराच वेळ पाहतच राहिली. कसाई बकऱ्याकडे असंच पाहून घेत असेल.

"तू करशील," ती म्हणाली.

"मी?"

"तुला नकाशे काढता येतात. केसाएवढ्या रेघा मारायचास."

"अगं, पण नियम आहे ना तुमचा? सभासदाच्या हातचंच हवं."

"डोकं माझं आहे. हात नुसते उसने. सेनापती कधी बंदूक चालवतो का?"

अशा रीतीनं मी फौजेत भरती झालो.

पहिले काही दिवस फार अपमानात गेले. टाक्यांची साखळी घालायला शिकलो. खांब शिकलो. मग मुका खांब म्हणून एक असतो, तो शिकलो.

"मुका का म्हणतात?" मी विचारलं.

"कारण तो मध्ये मध्ये प्रश्न विचारत नाही."

माझी खरी अडचण वेगळीच होती. माझे टाके भयंकर घट्ट येत. आयुष्यभर साखळी खेचून धरलेला माणूस मी. मोजणीची साखळी ढिली पडली की कुणाचं तरी शेत कमी होतं, हे हातात भिनलेलं. झिव्का डाव्या हातानं वीण चाचपून म्हणायची, "ल्यूबेन, कुणाचा गळा आवळायचा नाहीये. गळ्याभोवती घालायचा आहे." मी सैल करायला जायचो आणि दोन टाक्यांनी हात पुन्हा मूळ स्वभावावर यायचा. सुईसुद्धा आत शिरेना, मग मी तिला ढकलायचो आणि ती माझ्या अंगठ्यात शिरायची. स्कार्फवर एक रेघ सरळ दिसायची: इथपर्यंत झिव्का, इथून पुढे मी. अलीकडे वाऱ्यावर डुलणारं गवत, पलीकडे फरशी.

पण वाढत होतं, हे खरं. आणि खरं सांगायचं तर, कुणाला सांगू नका, मला त्या लोकरीची गोडी लागायला लागली होती. निळा संपून जांभळा नेमका कुठं सुरू होतो हे मला पकडायचं होतं. मोजणीवाला आहे, मला हद्द दिसायला हवी. पण सापडेचना. एका ओळीत निळा असायचा, चार ओळींनंतर जांभळा, आणि मधे कुठेही बोट ठेवून "इथून" म्हणता यायचं नाही. मी चष्मा बदलून पाहिला. त्या नादात जेवायला हाक मारलेली ऐकू आली नाही, तर झिव्का म्हणाली, "आता कळलं, मला का ऐकू येत नव्हतं ते?"

घट्ट विणीचा दुसरा परिणाम मात्र आम्ही धरला नव्हता. घट्ट वीण लोकर जास्त खाते. फेब्रुवारी अर्धा झाला, स्कार्फ अजून हवा तेवढा झालेला नव्हता आणि लोकर संपली. ही लोकर मिळते तुर्कस्तानातून. आमच्या मुलीनं इंटरनेटवरून मागवून दिली. आठवडा गेला, आणि एके दिवशी फोन आला की पार्सल जकातीच्या कचेरीत अडकलं आहे, स्वतः या.

गेलो. माझ्यापुढे रांगेत कोण, तर गांचो. त्याच्या जुन्या मोटारीचा कुठलासा भाग यायचा होता. त्याचं काम होऊन तो बाजूला कागद घडी घालत उभा राहिला आणि माझी पाळी आली. खिडकीतल्या बाईंना सर्दी झालेली होती.

"पार्सलमध्ये काय आहे?"

"लोकर," मी हळूच म्हणालो. गांचो उभा होता ना!

"मोठ्यानं बोला. इथं तर केक लिहिलंय. केक, दोन नग."

ही मेख मला घरी कुणी सांगितलेली नव्हती. रंग बदलणारी लोकर चपटी, गोल गुंडाळून विकतात, आणि विणणाऱ्या बायका तिला केक म्हणतात. तुर्कस्तानातल्या दुकानदारानं तेच लिहून टाकलं होतं.

"हो, म्हणजे केकच," मी आणखी हळू म्हणालो.

"घटक?"

"अर्धा सुती, अर्धा ॲक्रिलिक."

त्यांनी नाक पुसलं आणि माझ्याकडे नीट पाहिलं. "अंडी?"

"नाहीत."

"दूध? लोणी?"

"बाई, तो खायचा नाहीये."

"मग केक कशाला मागवला?"

गांचो कान देऊन ऐकत होता. मी छताकडे पाहिलं. गांचोनं हळहळून मान हलवली आणि तो निघून गेला. बाईंनी मला शेजारच्या खोलीत पाठवलं, खाद्य तपासणीकडे. तिथला गृहस्थ म्हणाला, अंडी-दूध नाही म्हणजे तो आमच्या अखत्यारीत नाही. मी म्हणालो, तसं लिहून द्या. तो म्हणाला, लिहून द्यायचं तर तपासावं लागेल, आणि आम्ही फक्त खाद्यपदार्थ तपासतो. मी म्हणालो, मग खाद्य समजून तपासा. तो म्हणाला, मग अंड्यांचा दाखला आणा. मी नगरपालिकेत उभं आयुष्य काढलेलं आहे. लोकांना या खिडकीतून त्या खिडकीत मीही पाठवलं आहे. पण त्या खिडक्यांच्या बाहेरच्या बाजूनं जग इतकं थंड असतं, हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

पुन्हा पहिल्या खिडकीशी आलो. पार्सल काउंटरवरच होतं आणि त्याचा एक कोपरा प्रवासात फाटला होता. फटीतून एक निळा दोरा बाहेर आला होता. मी तो चिमटीत धरला आणि ओढला.

"अहो, हात लावू नका!"

"बाई, केक असा उलगडतो का, तेवढं बघा," मी म्हणालो आणि ओढत राहिलो. दोरा यायला लागला. काउंटरवर निळ्याचा ढीग झाला. रांगेतला एक माणूस माझ्या खांद्यावरून वाकला. मग आणखी दोघं. निळ्याचा जांभळा व्हायला लागला तेव्हा मागून एक बाई म्हणाल्या, "अगंबाई!" जांभळ्यात गुलाबी उतरला. खाद्य तपासणीचा गृहस्थसुद्धा दारात येऊन उभा राहिला. खिडकीतल्या बाईंनी रुमाल खाली ठेवला होता.

"आता पुढे कुठला?" त्यांनी विचारलं.

"नारिंगी."

"थांबा. येऊ दे तो."

नारिंगी आला. बाईंनी शिक्का मारला आणि सही घेताना म्हणाल्या, "साहेब, हे विणतं कोण तुमच्याकडे?"

"बायको," मी म्हणालो. तो गुंता मी टोपीत भरला आणि उघड्या डोक्यानं, डॅन्यूबवरचा वारा कानांत घेत घरी आलो. तो गुंता सोडवायला आम्हा दोघांचे तीन हात पुरले नाहीत.

इकडे गांचोनं आपलं काम केलेलं होतं. दुसऱ्या दिवसापर्यंत सगळ्या इमारतीला कळलं की ल्यूबेन बिनअंड्याचे केक तुर्कस्तानातून मागवतो आणि बायकोपासून लपवतो. औषधवाल्या बाईंनी मला जिन्यात अडवलं. "या वयात साखर! आणि त्यातही कापूस घातलेला, असं ऐकलं. पोटाला काय वाटेल?" वरच्या मजल्यावरच्यांनी विचारलं, धंदा काढताय का, आम्हाला ईस्टरला घाऊक लागतील. मी कुणालाच काही सांगू शकत नव्हतो. केक खोटा म्हटलं तर लोकर खरी करावी लागली असती. तेव्हा मी गप्प बसलो, आणि लोक माझ्याकडे एका व्यसनी माणसाकडे पाहावं तसे, दयेनं पाहू लागले.

ही वार्ता त्सोन्काबाईंपर्यंत जायला वेळ लागला नाही. एके दुपारी बेल वाजली. मी सोफ्यावर, हातात सुई, मांडीवर स्कार्फ. झिव्कानं दाराच्या भिंगातून पाहिलं आणि माझ्याकडे वळून नुसते ओठ हलवले: त्सोन्का. विचार करायला वेळ नव्हता. मी स्कार्फ गोळा केला, खाली टाकला आणि त्यावर बसलो.

सुई स्कार्फमध्येच होती. टोक वर करून.

त्सोन्काबाई हातात चहाच्या पत्तीसारखा काळाभोर आलुबुखाराचा मुरंबा घेऊन आत आल्या. प्लास्टरची चौकशी झाली. मग म्हणाल्या, "स्कार्फचं राहिलंच असेल."

"पडायच्या आधीच होत आला होता," झिव्का म्हणाली. "प्लास्टर निघालं की उरलेला करीन."

"बरं, बरं. आणि तुमच्याकडचा केक म्हणे फार वेगळा आहे."

"संपला," मी म्हणालो. माझा आवाज मलाच वरच्या पट्टीत वाटला.

"सगळा? एकट्यानं?" त्यांनी माझ्या पोटाकडे पाहिलं.

"ल्यूबेन," झिव्का सवयीनं म्हणाली, "जा रे, बाईंना कॉफी कर."

मी हललो नाही. हलणं शक्यच नव्हतं. मी जरा एका बाजूला झुकलो, तर सुईही माझ्याबरोबर झुकली.

"ल्यूबेन, कॉफी."

"नको," मी म्हणालो.

"नको म्हणजे? बाईंना हवीय."

"मी उठणार नाही."

 झिव्काच्या डोळ्यांत आधी राग आला, मग तिनं माझा चेहरा पाहिला, मग सोफा पाहिला, मग तिला कळलं, आणि तिनं प्लास्टरचा हात तोंडावर धरला. त्सोन्काबाईंना वाटलं ती रडते आहे. त्या उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या, स्वतः कॉफी केली, झिव्काच्या हातात कप दिला आणि माझ्यासमोर उभं राहून म्हणाल्या, "बायको अशा अवस्थेत, आणि हा माणूस केक खाऊन सोफ्यावर बसलाय. मी शाळेत असते तर तुम्हाला कोपऱ्यात उभं केलं असतं."

"मी आनंदानं उभा राहिलो असतो, बाई," मी म्हणालो. एवढं मनापासून मी त्यांच्याशी कधीच बोललो नव्हतो.

त्या गेल्यावर झिव्का इतकी हसली की तिला बसावं लागलं. पडल्यापासून ती पहिल्यांदाच तशी हसत होती. मी औषधवाल्या बाईंकडून पट्टी आणायला नकार दिला. कुठं लावायची हे त्यांनी विचारलं असतं.

प्लास्टर मार्चच्या सुरुवातीला निघालं. झिव्कानं सुई हातात घेतली. बोटं सुईभोवती मिटेनात. तिनं ती माझ्याकडे सरकवली, आणि शेवटच्या नारिंगी ओळीसुद्धा मीच घातल्या.

आठ मार्चला वाचनालयाचा हॉल भरला होता. दारात प्रत्येक बाईला एकेक फूल मिळत होतं. मी नवऱ्यांच्या घोळक्यात, मागे, गांचोच्या शेजारी उभा होतो. त्सोन्काबाई वस्तू तपासत फिरत होत्या आणि झिव्काच्या स्कार्फपाशी आल्या. दोन बोटांत धरला. उजेडाकडे नेला. 

"ही सुरुवात, नेहमीसारखीच. हात ढिला," त्या म्हणाल्या. मग बोटं पुढे सरकली आणि थांबली. त्यांनी चष्मा घातला. "पण इथून पुढे! अगं, इकडे या सगळ्या. हे बघा. एक टाका इकडचा तिकडे नाही. कड बघा, पट्टीनं आखल्यासारखी. झिव्का, किती वर्षं सांगत होते मी तुला! पडलीस तेच बरं झालं. प्लास्टरनं हाताला शिस्त लागली." आणि स्वतःच्या हातानं त्यांनी स्कार्फ उचलला, मधल्या गोल टेबलावरचा टेबलक्लॉथ दूर केला आणि तो तिथं मांडला. निळ्यापासून नारिंगीपर्यंत, कोपरा खाली सोडून.

बायकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या छातीत काहीतरी इतकं फुगलं की कोटाचं बटण ताणलं. मोजणी खात्यात मला निरोपाला एक भिंतीवरचं घड्याळ मिळालं होतं, टाळ्या नाहीत. आणि त्याच क्षणी मी झिव्काकडे पाहिलं. ती टेबलाशेजारी उभी होती, हातात फूल. इतकी वर्षं जे हवं होतं ते समोर होतं, आणि तिचा चेहरा दाराशेजारच्या भिंतीसारखा झाला होता. मी मनात म्हणालो, गप्प राहा. राहू दे. कुणाला कळतंय!

"ढिला भाग माझा आहे," झिव्का म्हणाली. फार मोठ्यानं नाही, पण ऐकू गेलं. "घट्ट भाग ल्यूबेनचा."

टाळ्या थांबल्या. सगळ्या माना मागे वळल्या. गांचो माझ्यापासून एक पाऊल दूर झाला.

त्सोन्काबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "हे? कॉफीला न उठणारे?"

"मी त्याच्यावर बसलो होतो, बाई," मी म्हणालो. "सुई होती आत."

 कुणीतरी फिसकन हसलं, आणि मग अख्खा हॉल. त्सोन्काबाई हसल्या नाहीत, पण त्यांच्या हनुवटीला जरा त्रास झाला.

"आणि केक?" गांचोनं मागून विचारलं.

"हाच तो," मी टेबलाकडे बोट दाखवलं. गांचोनं स्कार्फकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि त्याला एकाएकी सगळं कळल्याचं किंवा काहीच न कळल्याचं त्याच्या तोंडावर दिसलं.

नियम म्हणजे नियम. त्सोन्काबाईंनी स्कार्फ टेबलावरून उचलला आणि त्या जागी स्वतःची लेस मांडली. स्कार्फ दाराशेजारी गेला. जाता जाता मात्र त्यांनी ढिला भाग पुन्हा एकदा बोटांत धरला, थोडा ओढून पाहिला, सोडला. "हा मऊ आहे," त्या झिव्काला म्हणाल्या. त्यापुढे "पण" आला नाही. झिव्का वाट पाहत उभी राहिली, तरी आला नाही.

संध्याकाळी प्रदर्शन संपल्यावर आम्ही नदीकाठानं घरी निघालो. वारा सुटला होता. झिव्कानं स्कार्फ खांद्यावर टाकलेला होता.

"तुझा भाग टोचतो," ती म्हणाली.

"तुझ्या भागातून वारा जातो," मी म्हणालो.

"टेबल गेलं ना रे!"

"गेलं."

 पुलाच्या बाजूनं वाऱ्याचा जोरदार झोत आला तशी ती थांबली, स्कार्फ काढला, फिरवला आणि पुन्हा घातला. माझा टोचरा भाग स्वतःच्या मानेभोवती दोन वेढे घेऊन घट्ट बसवला, आणि तिच्या विणीचा मऊ कोपरा माझ्या खिशात घालून माझ्या हातावर पांघरला. स्कार्फ तेवढा लांब नव्हता म्हणून आम्हाला अगदी चिकटून चालावं लागत होतं, आणि तसेच आम्ही घरापर्यंत गेलो.